सत्तर काठ्यांची साळाई

बसा, जरा जवळ सरका. ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा सावरखिंडीतून गाडीरस्ता नव्हता, खिंडीखालच्या गावात पंचवीस उंबरे होते, आणि वरच्या माळावर घरं फक्त दोन. एक सटवाजी पोकळ्याचं, दुसरं ठकूबाईचं. मी ही गोष्ट माझ्या चुलत आजोबांकडून ऐकली आणि त्यांनी त्यांच्या आईकडून. सांगताना आजोबांचा आवाज दर वेळी एकाच ठिकाणी अडायचा.

सटवाजीला उजव्या कानानं ऐकू येत नसे. लहानपणी तो गावातल्या पंतोजींच्या शाळेत जायचा. एके दिवशी पंतोजींचा गुणाकार चुकला. सगळी पोरं खाली मान घालून बसली. सटवाजी तेवढा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, हे चुकलंय." पंतोजींनी त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली, की पोर भिंतीवर जाऊन आदळलं. कानातून रक्त आलं, आणि तो कान मेला तो मेलाच.

पुढं सटवाजीचं लग्न झालं, माळावर शेत झालं, पोरं झाली. तेव्हा त्यानं गावाला सांगून टाकलं, "माझी पोरं शाळंत यायची न्हाईत. ती माझ्या रानात शिकतील."

गाव हसलं. पण सटवाजीनं बोललेलं खरं केलं.

एकूण नऊ पोरं झाली त्याला. थोरली साळू, तिच्या पाठचा कोंडिबा, मग मधली सहा, आणि शेंडेफळ बारकी. मधल्या सहांची नावं माळावर आजही कुणी सांगेल, पण आपल्या गोष्टीला ही तीन पुरेत.

पोरं शिकायची कशी? सुगी संपली की खळं मोकळं व्हायचं. त्या खळ्यावर धूळ पसरून बापानं साळूला अक्षरं गिरवायला लावली. साळूनं कोंडिबाला शिकवली, कोंडिबानं त्याच्या पाठच्याला. असं वरचं पोर खालच्याला शिकवत गेलं. पाढे नाचणीच्या ओळींत पाठ झाले. गाय अडली तर वासरू कसं फिरवायचं, कुठला पाला तापावर, कुठला जखमेवर, हे सगळं पोरं दहाव्या वर्षापर्यंत शिकून मोकळी व्हायची. नऊ जण एका सुरात पाढे म्हणायला लागले की खाली गावात देवळाची घंटा आपोआप घुमायला लागायची, असं म्हणतात.

त्या घरात एकच गुन्हा होता, खोटं बोलणं. सटवाजी पोरांना सांगायचा, "भाकरी चोरून खाल्ली तर मी रागवीन आन इसरून जाईन. पण खाल्ली न्हाई म्हणालात, तर या घरात जागा न्हाई." मग आपल्या मेलेल्या कानावर हात ठेवायचा. "खरं बोललो म्हणून माझा कान गेला. तरीबी सांगतो, खरंच बोला."

आणि पोरं खरंच बोलायची. इतकी, की गावातल्या माणसांना त्यांची भीती वाटायची. बाजारात कुणी विचारलं, "काय रे, आमचा बैल कसा वाटतो?" की पोरगं सांगून मोकळं, "मागचा पाय अधू हाय." गिऱ्हाईक निघून जायचं आणि विकणारा कपाळावर हात मारायचा.

पाचवं वर्ष लागलं की प्रत्येक पोराला एक धडा मिळायचा, आणि तो बाप स्वतः द्यायचा. घरात आढ्याला एक लांब बांबू आडवा अडकवलेला असे. जमीन मोजायची काठी. सटवाजी ती खाली काढायचा. एक टोक तो धरायचा, दुसरं पोरानं धरायचं. शेताच्या एका कोपऱ्यातल्या उंबरापासून निघायचं आणि दुसऱ्या टोकाला हद्दीच्या दगडापर्यंत काठी टाकत जायचं. पलीकडं ठकूबाईचं रान. किती काठ्या झाल्या ते पोरानं मोजायचं आणि घरी आल्यावर बापाच्या डाव्या कानात सांगायचं. दुसऱ्या कुणाला तो आकडा सांगायचा नाही. कारण उघड आहे. थोरल्यानं सांगितलं की धाकटं न मोजताच आकडा घोकणार. म्हणून प्रत्येकाचा आकडा प्रत्येकाजवळ राहायचा.

साळू सातेक वर्षांची असतानाची गोष्ट. तेव्हा माळावर पाणी नव्हतं. एक कोस घाट उतरून ओढ्यावर जावं लागे. त्या उन्हाळ्यात साळूच्या आईला, गिरजाला, पाचव्यांदा दिवस गेले होते. डोक्यावर हंडा घेऊन घाट चढताना ती पडली. दगडावरून दगडावर घरंगळत गेली. पोटातलं पोर वाचलं कसं, हे देवालाच ठाऊक. सटवाजीनं तिला आणि चारही पोरांना बैलगाडीत घालून तिच्या माहेरी नेऊन सोडलं आणि एकटा माळावर परतला.

चार महिन्यांनी गिरजा नवं बाळ घेऊन आली, तेव्हा शेताच्या टोकाला, दगडाच्या अलीकडं, काळ्या कातळात छातीएवढा खड्डा होता आणि त्यात पाणी. गार, नितळ. गिरजानं ओंजळ भरली आणि रडत सुटली. पोरं पाण्यात उड्या मारत राहिली. आबांनी एकट्यानं झिरा काढला! माळावर असा आनंद कधी झाला नव्हता.

ठकूबाई तेव्हा तिथं नव्हती. आदल्याच वर्षी तिच्या नवऱ्याला साप चावला होता. तो गेला, आणि ती रान पडीक टाकून भावाच्या आश्रयाला गेली होती. तिच्या रानात करवंदीच्या जाळ्या माजल्या. हद्दीवरही त्याच जाळ्या. अशी अकरा वर्षं गेली.

बाराव्या वर्षी ठकूबाई परत आली. भावाच्या घरात भावजयीचं राज्य आलं होतं. ती एकटीच डोक्यावर गाठोडं घेऊन घाट चढली, आपल्या पडक्या घरापुढचं गवत उपटलं आणि दुसऱ्या दिवशी रान बघायला गेली. दुपारी ती गावात पाटलाच्या ओट्यापुढं उभी होती.

"पाटील, माझा दगड सरकलाय."

ओट्यावरची माणसं हसली. एक जण म्हणाला, "दगडाला पाय फुटले का गं ठकूबाई?"

"मला ठावं न्हाई काय फुटलं ते. पण झिरा हाय ती जागा माझी हाय. तिथं माझा नवरा म्हशी बसवायचा. म्हणायचा, हितं पायाला ओल लागती."

पाटलाच्या घरचे जुने कागद वाळवीनं खाल्ले होते. साक्षीला कुणी नाही. आणि आरोप कुणावर, तर सटवाजी पोकळ्यावर! खरं बोलला म्हणून कान गमावलेला माणूस. गावानं ठकूबाईला वेड्यात काढलं. सटवाजीला बोलावणं गेलं. तो आला, पाटलासमोर उभा राहिला. "मी काय सांगू? माझी नऊ पोरं हायेत. एकानं तरी आजवर खोटं बोललेलं कुणी ऐकलंय? त्यांना इचारा. साळूला इचारा. ती म्हणंल ते मला कबूल."

पाटील म्हणाला, "ठरलं. आठ दिवसांनी आम्ही माळावर येतो. थोरल्या पोरीचा शब्द तो शेवटचा."

सटवाजी निर्धास्त होता. साळूनं पाचव्या वर्षी, झिरा निघायच्या दोन वर्षं आधी मोजलेला आकडा तिला आता आठवत असेल असं त्याच्या मनातही आलं नाही, असं म्हणतात. मला विचाराल तर, त्याला स्वतःलाच तो आठवायचा नव्हता.

त्याच आठवड्यात सटवाजीच्या पायावर कुऱ्हाड निसटली. जखम खोल होती, तो ओसरीवर पडून राहिला. आणि बारकीला पाचवं लागलं होतं. ती हट्टाला पेटली. "माझी काठी! मला माझी काठी मोजायची हाय!" शेवटी साळूनंच आढ्यावरून बांबू काढला. एक टोक तिनं धरलं, एक बारकीनं.

दगडापाशी पोचल्यावर बारकी आनंदानं ओरडली, "अठ्ठ्याहत्तर!"

साळू हसली. "चुकलीस. चल, परत."

परत उंबरापासून. बारकी जीभ बाहेर काढून मोजत होती. अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्यांदा बारकीला उंबराखाली बसवून साळू एकटीच काठी टाकत गेली. सत्तराव्या काठीला ती थांबली. समोर करवंदीची जाळी होती आणि पायाखाली साधं रान. दगड अजून पुढं होता. एकाहत्तर, बाहत्तर. झिरा ओलांडून ती दगडापाशी पोचली, तेव्हा काठी अठ्ठ्याहत्तर वेळा पडली होती.

पाचव्या वर्षी तिनं बापाच्या कानात सांगितलेला आकडा सत्तर होता. हे तिला आपल्या नावासारखं पाठ होतं.

ती तिथून तडक कोंडिबाकडं गेली. कोंडिबा गोठ्यात शेण काढत होता. "कोंडिबा, तुझा आकडा सांग."

"सांगायचा नसतो."

"सांग."

तिचा चेहरा बघून त्यानं घमेलं खाली ठेवलं. "सत्तर. का गं?"

मधल्या सहांना एकेकाला बाजूला घेऊन तिनं विचारलं. सहाही जणांनी सांगितलं, अठ्ठ्याहत्तर. दोघांचा सत्तर, सातांचा अठ्ठ्याहत्तर. ज्यांनी झिऱ्याच्या आधी मोजलं त्यांचा एक, नंतर मोजलं त्यांचा दुसरा.

साळू ओसरीवर आली. सटवाजी पडल्यापडल्या दोर वळत होता. ती त्याच्या डाव्या बाजूला बसली, म्हणजे त्याला ऐकू यावं.

"आबा, सत्तर का अठ्ठ्याहत्तर?"

सटवाजीचे हात थांबले. तो म्हणाला, "तू ल्हान होतीस. मोजण्यात चुकली असशील."

आणि त्यानं पुन्हा दोर वळायला घेतला.

साळूला वाटलं, ओसरीच पायाखालून गेली. अठरा वर्षांची होती ती. या घरात तिनं भूक पाहिली होती, ताप पाहिले होते, एकदा दारात बसलेला बिबट्याही पाहिला होता. पण आबांच्या तोंडून खोटं ऐकलं नव्हतं. त्या क्षणी तिच्या वेणीतला एक पदर पांढरा झाला आणि मरेपर्यंत पांढराच राहिला, असं म्हणतात.

ती चुलीपाशी आईकडं गेली. तोंडातून शब्द निघायच्या आधीच गिरजानं मान फिरवली. "इचारू नगंस, साळे."

"आई, तुला ठावं होतं?"

"त्या पाण्यावर तुम्ही नऊ जण जगलात." गिरजा भाकरी थापत राहिली. भाकरी तव्यावर जळाली तरी तिला कळलं नाही.

मग तो दिवस आला. सकाळीच सगळं गाव घाट चढून माळावर आलं. लंगडत सटवाजी आला. ठकूबाई एका बाजूला पदर आवळून उभी होती. साळूनं कोंडिबाला मुद्दाम लांब, उंबराखाली उभं केलं. धाकटी सात जण झिऱ्याच्या काठावर रांगेनं बसली होती.

पाटील म्हणाला, "पोरी, तुझ्या आबानं सांगितलंय, तुझा शब्द शेवटचा. हा दगड पहिल्यापासनं हितंच हाय का?"

साळूनं बापाकडं पाहिलं. सटवाजी तिच्याकडं पाहत नव्हता.

इथं माझ्या आजोबांचा आवाज अडायचा.

"न्हाई," साळू म्हणाली. "मी पाच वर्सांची होते तवा उंबरापासनं दगड सत्तर काठ्यांवर होता. आज अठ्ठ्याहत्तरावर हाय. माझ्या पाठच्या कोंडिबाचाबी आकडा सत्तर हाय. त्याला आता मी काय बोलले ते ऐकू गेलेलं न्हाई. तुम्हीच जाऊन इचारा."

एक माणूस धावत उंबराखाली गेला आणि धावत परत आला. "सत्तर म्हणतोय!"

पाटलानं आपला फेटा उगाचच सारखा केला. "पोरी, समजून बोलतीयस ना? हा झिरा जाईल. तुमचं पाणी जाईल."

"समजून बोलते."

"पाच वर्सांच्या पोराची आठवण..."

"सत्तराव्या काठीला खणा," साळू म्हणाली. "आबांनीच शिकवलंय. हद्दीचा दगड रोवताना खाली कोळसा पुरत्यात. माती फिरती, लाकूड कुजतं, कोळसा कुजत न्हाई."

काठी टाकली. सत्तर मोजले. करवंदीची जाळी तोडली. दोघांनी पहार घातली. हातभर खोल गेल्यावर पहारेच्या टोकाला काळं लागलं. मूठभर कोळसा पाटलाच्या तळहातावर ठेवला. जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. सगळ्या गावानं ज्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, त्या माणसाकडं बघायची आता कुणाची छाती होईना.

तेवढ्यात बारकी उठून उभी राहिली. पाच वर्षांचं पोर ते. तिनं मोठ्यानं विचारलं, "म्हणजी आबा खोटं बोलले?"

आणि असं म्हणतात, सटवाजीच्या तीस वर्षं मेलेल्या उजव्या कानात त्या क्षणी आवाज शिरला. पहिला आवाज तो. बारकीचा. त्यानं दोन्ही हातांनी तो कान गच्च दाबून धरला. पुढं मरेपर्यंत तो कान त्यानं फेट्याखाली झाकून ठेवला.

"व्हय," सटवाजी म्हणाला. "मीच सरकवला. पोरं आजोळी होती. दोन बैल, एक पहार आन चार दिवस लागले. माझी बायको घाटात पडली होती, पाटील. पुन्हा पडली असती तर मेली असती."

"अरं, मग मागायचं होतंस!" पाटील म्हणाला.

तेव्हा ठकूबाई पहिल्यांदा बोलली. आवाज इतका हळू, की पुढच्यांनी मागच्यांना सांगावं लागलं. "माझा नवरा गेला तवा खांदा तू दिलास, सटवाजी. तू मागितलं असतंस तर झिरा मी माझ्या हातानं दिला असता. अकरा वर्सं मी भावजयीच्या दारात उष्टी काढली. मला वाटायचं, माझ्या रानात काय हाय, नुसतं गवत. आन हितं पाणी होतं."



पाटील म्हणाला, "उद्या बारा गडी आन चार बैल धाडतो. दगड जागेवर नेऊ."

"नगं," साळू म्हणाली. "आमच्या घरानं हलवला, आमचंच घर परत नेईल."

कोंडिबा उंबराखालून पळत आला. धाकटी सात उठली. नऊ भावंडांनी दगडाखाली हात घातले. बारकीचा हात पोचेना, तिनं नुसतं एक बोट लावलं. बैलांना चार दिवस लागले होते असा तो दगड. आणि तो उचलला गेला. जमिनीपासून वीतभर वर. आठ काठ्या अंतर नऊ भावंडं चालत गेली, एकदाही न टेकता, आणि दगड जुन्या खड्ड्यात असा बसला, जणू तिथून कधी निघालाच नव्हता. त्यांच्या पावलांचे ठसे कातळात उमटले, असं म्हणतात. एका ठशाला तर अजून पाच बोटं मोजता येतात.

तुम्हाला वाटेल, इथं सगळं गोड झालं असेल. नाही झालं.

ठकूबाईनं झिऱ्याभोवती बोराटीचे काटे लावले. मागितलं असतं तर दिलं असतं, आता नाही. पोकळ्यांची पोरं पुन्हा कोसभर घाट उतरून ओढ्यावर जायला लागली. नऊ जण घाटात ठरावीक अंतरावर उभे राहायचे आणि हंडा हातोहात वर यायचा. आईला त्यांनी एकदाही घाट उतरू दिला नाही.

आणि गाव? गाव बापावर चिडायचं सोडून पोरीवर चिडलं. हे ऐकून मला लहानपणी सगळ्यात जास्त धक्का बसला होता. बाप चुकला, पण पोटासाठी चुकला, असं लोक म्हणायला लागले. पोरगी मात्र बापावर उलटली! साळूला आलेली दोन स्थळं मोडली. कोण करणार असली सून? उद्या आपल्या घरातलंही चव्हाट्यावर सांगेल.

सटवाजी तर साळूशी बोलायचाच बंद झाला. बाकी आठांशी बोलायचा. तिच्याशी नाही. शिकवणंही त्यानं सोडलं. खळ्यावर धूळ पसरायचं काम साळूनं घेतलं. धाकट्यांचे पाढे ती घ्यायची, आणि ओसरीवर बाप पाठ फिरवून बसलेला असायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीवर चार बायका साळूचं नाव घेऊन बोलत होत्या. ठकूबाई मीठ-मिरचीला गावात आली होती, ती विहिरीवरून चालली होती. एक जण म्हणाली, "बापाचं नाक कापणारी पोर." ठकूबाईनं पिशवी खाली टाकली.

"तिनं माझं वावर मला दिलं. तुम्ही काय दिलंत गं? मी दगड सरकला म्हणाले तवा तुमचे नवरे दात काढत होते. आन तुम्ही हितं पाणी भरता, सुखानं. ती पोर घाट चढती, माझ्यासाठी!"

बोलता बोलता ती स्वतःच थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू गेलं. ती तशीच माळावर आली. हातानं, कोयता न घेता, तिनं झिऱ्याभोवतीची बोराटी उपसली. हात रक्तबंबाळ झाले. मग एक हंडा भरून तिनं पोकळ्यांच्या अंगणात ठेवला आणि निघाली.

साळूनं हाक मारली. "ठकूकाकू, हात तरी धुवा. मी पाला बांधते."

पाला बांधून घेताना ठकूबाईचं लक्ष खळ्याकडं गेलं. धुळीत बारकीनं काहीतरी लिहिलं होतं. "हे काय हाय?"

"तुमचं नाव."

ठकूबाई त्या धुळीकडं बघत बसली. दुसऱ्या दिवसापासून ती खळ्यावर येऊन बसायला लागली. पन्नाशीची बाई, लहान पोरांच्या ओळीत. मग तिच्या मागून गावातली दोन पोरं आली, मग दहा. त्यांचे आईबाप साळूला नावं ठेवायचे आणि पोरांना तिच्याकडंच धाडायचे.

तिसरं वर्ष सरत आलं. माघ होता, सोमवार होता. दुपारची पंगत बसली होती. साळू वाढत होती. सटवाजीच्या ताटापुढं ती आली तसा तो म्हणाला, "साळू."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिचं नाव घेतलं होतं. आठही भावंडांचे घास हातात राहिले. गिरजा चुलीपासून उठून दारात आली.

"त्या दिशी तू मला एक इचारलं होतंस. परत इचार."

साळूनं परात बाजूला ठेवली. ती खाली बसली. यावेळी ती त्याच्या उजव्या बाजूला होती, पण कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"आबा, सत्तर का अठ्ठ्याहत्तर?"

"सत्तर," सटवाजी म्हणाला. "पाच वर्सांची असताना तू बरोबर मोजलं होतंस. तुझी काठी कधी चुकली न्हाई. चुकलो मी. पंतोजीनं मला मारलं, तवा त्यानं माझा एक कान घेतला. मी त्या दिशी ओसरीवर तुला खोटं बोललो, तवा मी तुझं काय घेतलं ते मला तीन वर्सं मोजता आलं न्हाई."

साळूनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. मग तीही त्याच पंगतीत, त्याच्या शेजारी जेवायला बसली.

पुढं सटवाजी गेला, गिरजा गेली. भावंडं मोठी झाली आणि एकेक करून माळ उतरली. कोंडिबा जमीन मोजणारा झाला. चाळीस गावं त्याला बोलवायची आणि त्याच्या काठीवर कुणी बोट ठेवत नसे. एक बहीण सुईण झाली, एक भाऊ गुरांचा वैद्य. बारकी लांब शहरात गेली आणि तिथं तिनं मुलींना शिकवायला घर मांडलं. आठही जणांनी आपापल्या पोरांना घरीच शिकवलं, आणि प्रत्येकानं आपल्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगितलं, "मी चुकलो तर मला सांगायचं."

साळू माळावरच राहिली. तिचं लग्न झालं नाही. तीन पिढ्यांची पोरं तिच्या खळ्यावर शिकली. लोकांनी नावं ठेवायचं कधी सोडलं आणि साळाई म्हणायला कधी लागले, ते कुणालाच सांगता येणार नाही. ती गेली त्या सकाळी माळावरच्या आणि गावातल्या एकूण एक खळ्यावर धूळ आपोआप पसरून सपाट झाली होती, कुणीतरी नवीन अक्षर काढण्यासाठी पुसून ठेवावी तशी, असं म्हणतात.

सावरखिंडीत आजही माघातला शेवटचा सोमवार साळाईचा. त्या दिवशी गाव दगडापाशी जमतं. नारळ फुटत नाही, गुलाल उधळत नाहीत. मोठी माणसं जमिनीवर बसतात आणि पोरं उभी राहतात. प्रत्येक पोरानं आपल्या घरच्या मोठ्या माणसाला एक प्रश्न विचारायचा. खोटं सांगायचं नाही. "मोठा झालास की सांगेन" असंही म्हणायचं नाही. माझी शेळी का विकलीस, इथपासून सुरू होतं, आणि मग असे प्रश्न येतात की बसलेल्यांचे चेहरे पांढरे पडतात. त्या दिवशी परगावी कामं काढणारी माणसंही गावात आहेत, सगळ्यांना ठाऊक आहेत.

गेल्या माघात मी तिथं होतो. चांगला धिप्पाड, पन्नास एकरांचा मालक असलेला एक माणूस आपल्या सहा वर्षांच्या मुलीपुढं बसला होता. मुलीनं वाकून त्याच्या कानाशी काहीतरी विचारलं. काय विचारलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग तो माणूस उठला, घाईघाईनं करवंदीच्या जाळीमागं गेला आणि परत आलाच नाही.

सगळे उठून गेले तरी ती मुलगी तिथंच उभी होती. मी म्हटलं, "चल बाळ, ऊन झालं."

ती म्हणाली, "तुम्ही जा. ते येतील."